बाहेरच्याचा खांब

औंढे

प्रिय यशू,

परवा तुझा फोन झाल्यापासून तो 'गाइजिन' शब्द दाताखाली खडा यावा तसा बोचतोय. भाकरी थापतानाही तोच. तू तिकडे नर्स म्हणून गेलीस, केन्जीशी जमलं, आणि आता त्याची आजी तुला नावाने हाक न मारता गाइजिन म्हणते. म्हणजे बाहेरची. तुझी मैत्रीण म्हणते ही शिवीच, केन्जी म्हणतो साधा शब्द आहे, आणि तू मला विचारतेस, आई, राग मानू का? बाई गं, मला अजून घाटाखालचं मराठी धड कळत नाही, आणि तू जपानी विचारतेस!

पण शिवी मला कळते. तुझ्या आजोबांना गावात ज्या नावाने हाक मारायचे, ते मी या कागदावर लिहिणार नाही. ती हाक मारून झाली की त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. उलट आपला जीपवाला कैलास बघ. कुणी अनोळखी चढला की "पाव्हणं, कुटं निगाला? सरका की आत!" म्हणतो आणि दुसऱ्याचं पोर खुशाल त्याच्या मांडीवर बसवतो. म्हणून मी तुला विचारलं, गाइजिन म्हणून झाल्यावर आजी काय करते? तू हसत म्हणालीस, माशातले काटे काढून तुकडा माझ्या वाटीत ठेवते. तू पुढे बोलत राहिलीस, मी तिथेच अडकले.

काल तुझा मामेभाऊ प्रज्ञेश मला कार्ल्याच्या लेण्यात घेऊन गेला. इतकी वर्षं आपण तिथे जातो, वंदना करतो, डबा खातो, खाली उतरतो. काल त्याने एका खांबावरची अक्षरं वाचून दाखवली. खांब कुणाचं दान, तर एका यवनाचं. यवन म्हणजे समुद्रापलीकडचा, परका. यशू, अंगावर काटा आला माझ्या. दोन हजार वर्षांपूर्वी त्या माणसाने आपलं नाव कोरून घेतलं आणि शेजारी 'यवन' हेही, बेधडक. आणि तो खांब कुणी बाहेर अंगणात नाही ठेवला. आत आहे, स्तूपाकडे जाणाऱ्या रांगेत. प्रज्ञेशने दाखवला नसता तर बाहेरच्याचा कोणता, हे मला जन्मात कळलं नसतं. वर ते एवढं थोरलं छत, आणि खाली सगळे खांब सारखेच उभे. मी बघतच राहिले. शेवटी प्रज्ञेश म्हणाला, आत्या, मान अवघडेल.

आता खरं सांगते. फोनवर रडू आलं असतं म्हणून लिहितेय. तुझे बाबा गेल्यावर मला तूच एक, म्हणून तुला परत बोलवायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. तो शब्द मला निमित्त म्हणून बरा सापडला होता. आता नाही बोलवत. केन्जीला हो म्हण. शब्द बोचत असेल तर आजीला तसं सांग आणि तुझं नाव शिकव. यशोधरा हे नाव बुद्धाच्या देशोदेशीच्या लेकरांना काही परकं नाही. माझा पासपोर्ट आलाय, लग्नाला मी येतेय. आजींना म्हणावं, आणखी एक गाइजिन येतेय, आणि तिलाही माशातले काटे काढता येत नाहीत.

तुझीच, लवकरच बाहेरची होणारी,
आई