काकूंच्या ओवीतला सामदेव राजा

पौष व. २, सोमवार. अमरावती
शाळा सुटल्यावर निबंध पुढे रेटला. विषय: देवगिरीच्या शेवटच्या राजांपैकी एकाचं नाव, भाषोभाषी. ताम्रपटात तो रामचंद्र, मराठीत रामदेवराव, फारशीत राय रामदेव, साहेबाच्या पुस्तकात रामदेओ. एक माणूस आणि बारशी किती! पण माझा हुकमी एक्का वेगळाच. भातकुलीच्या काकू जात्यावर म्हणतात तो 'सामदेव राजा'. हे कुण्णाच्या पुस्तकात नाही. रविवारी वाचनालयात वाचायचं, अकोल्याचे एक वकील अध्यक्ष. छाती फुगलीय, खोटं कशाला बोलू.

व. ४, बुध.
'र'चा 'स' कसा झाला यावर पानंच्या पानं खरडली. जेवताना हिला वाचून दाखवलं. ही भाकरी थापायची थांबली.
"अवो, काकाजीचं नाव रामजी नाही का? काकू राम कशी म्हणन?"
घ्या! नवऱ्याचं नाव तोंडी यायला नको म्हणून काकूंनी राजाचं बारसं केलं, आणि मी पंडित त्याचं मूळ शोधत बसलो. काकू तर देवळातही 'सीतामाईचे मालक' म्हणतात. लहानपणापासून ऐकतोय, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. पानं चुलीत. ही अजून हसतेय.

व. ५, गुरु.
राग ओसरला. फजिती निबंधातच घालतो, लोक हसतील तर हसोत. पण काकूंच्या माहेरच्या ओवीत मूळ नाव काय? रामचंद्र? रामदेव? की आणखीच काही? माहेरचं कुणी उरलं नाही. काकूंनी सांगितलं नाही तर ते त्यांच्याबरोबरच जायचं. जीव लागून राहिलाय.

व. ७, शनि. भातकुली
काकू अंगणात शेवंतीचे हार करत होत्या. विचारलं.
"काहून रे बाप्पा, म्हातारपणी माह्याकडून नेम मोडवतं?"
काकाजी बाजेवरून उठले. "म्हण वं. मी चाललो मोटेवर."
गेले कुठले! कुडाआड उभे राहिले. पागोट्याचा शेंडा मला दिसत होता, काकूंनाही दिसला असणार. लग्नात उखाण्यात नाव घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
काकूंनी दोरा तोडला, पदर सावरला, कुडाकडे तोंड केलं आणि ओवी म्हटली. नावाशी आवाज इतका बारीक केला, की तेवढंच मला ऐकू आलं नाही. "पुन्हा एकदा" म्हटलं तर, "झालं नं एकदा" म्हणून हार ओवू लागल्या.
कुडामागे गेलो. काकाजी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते, अन् हसत होते.
"काय म्हणाल्या हो?"
"तुले काय करायचं? मले आलं ऐकू."
उद्या वाचायचंय. नावाची जागा कोरी ठेवलीय. काकाजी मघापासून तीच ओवी गुणगुणताहेत, मी जवळ गेलो की थांबतात.