तिसऱ्याले जागा नाई

१७ ऑक्टोबर २०२५

पाहुणे गेले एकदाचे.

पंधरा-सोळा ऑक्टोबरले दरवर्षी येतात. येऊ दे, त्याचं काही नाई. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाणं ते जाणंच. पण स्टेशनावरून क्वार्टर, क्वार्टरवरून दीक्षाभूमी, तिथून कोणाच्या तरी मावसबहिणीकडे बाबूपेठेत, मंग वापस ऊर्जानगर, आमच्या वीज प्लान्टच्या कॉलनीत — अन् ड्रायव्हर कोण? मीच, राजदीप. गाडी सात सीटांची, बसले दहा. एका काकानं खिडकीतून तंबाखूचा खर्रा थुंकला, अर्धा बाहेर गेला अन् अर्धा आत राह्यला.

रश्मी दोन दिवस सैपाकघरातून बाहेर आली नाई. माह्या हातात दोन्ही दिवस थंडा चहा आला. बायकोलेही माह्यासाठी टाइम नाई, असं वाटलं.

उद्या पहिली शिफ्ट. आंग असं दुखून राह्यलं का गाडीनंच मले चालवलं जणू.

२४ ऑक्टोबर

नीलाबाईचा फोन. माही मोठी बहीण, चिमूरले राह्यते. म्हणे, ब्रह्मपुरीले सोयरिक पाहाले जायचं आहे, तुह्या गाडीत सारे मावते.

मावते! या एका शब्दानं माहं वाटोळं केलं. कोणाचं नागपूरले ऑपरेशन, कोणाची पोरगी पाहाची, कोणाचं धानाचं पोतं, कोणाची म्हातारी बसमध्ये ओकते म्हणून. सारं मावते. पेट्रोलचं जाऊ दे, ते कोणी विचारत नाई अन् मी सांगत नाई. पण शिफ्ट करून आलेला माणूस झोपतो केव्हा, हे तरी कोणी विचारावं का नाई? अन् नाई म्हणता येत नाई. आमच्याकडे खाली सीट असताना नाई म्हणणाऱ्या माणसाले माणसात धरत नाई.

प्लान्टच्या कंट्रोल रूममध्ये माह्यासंगच्या आदेशजवळ बोललो. तो एटापल्लीचा, डोकं त्याचं तिरपं चालते. म्हणे, "दुसरी गाडी घे नं गा. दोन सीटांची. मावलंच नाई तर येईन कोण?" मोबाइलवर फोटो दाखवले. बुटक्या, चपट्या, दोन दाराच्या. स्पोर्ट्स कार म्हणते त्याले. जुनी घेतली तर आपल्याही आवाक्यात येते म्हणे.

हसलो मी. पण बॉयलरच्या स्क्रीनकडे पाहता पाहता डोक्यात तेच.

२७ ऑक्टोबर

एकोणपन्नास वर्षांचा माणूस, अन् शिफ्टमध्ये लाल गाडीचे फोटो पाहून राह्यला. लाज वाटली. मंग अजून पाह्यले.

२ नोव्हेंबर

नागपूर, वर्धा रोड. जुन्या गाड्यांचा डीलर. रश्मीलेही नेलं, ती म्हणली चला, घरातून तेवढीच सुटका. काळी गाडी दाखवली त्यानं. जमिनीले टेकलेली, दार उघडलं तर आत एखाद्या विमानासारखं. स्टार्ट केली तर छातीत गुरगुरली. मन बसलं माहं तिच्यावर.

मंग मागं वाकून पाह्यलं. मागं सीट! वीतभर, पण सीट.

"बच्च्यांसाठी आहे सर," तो म्हणे.

माह्या डोळ्यांपुढं नीलाबाईचे दोन्ही नातू येऊन बसले. चिप्सच्या पुड्यांसकट. नको म्हटलं. डीलर पाहतच राह्यला. म्हणे, लोकं जागा जास्त मागतात सर, तुम्ही पहिलेच.

जाता-येता रश्मी विचारत होती, असल्या गाडीचा क्लच जड राह्यते काय जी? म्हटलं, तुले काय करायचं क्लचशी.

९ नोव्हेंबर

आज दुसरी पाह्यली. कापडी छपराची. बटन दाबलं का छप्पर आपोआप मागं जाऊन बसते. रश्मी आत बसली होती, वर पाहून म्हणली, "आभाळ दिसते." एवढंच. पण तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी असा पाह्यला.

पण घेऊन करू काय? ऊर्जानगरात सकाळी कपडे वाळू घाला, सांजेले झटकून घडी करा, तरी प्लान्टच्या चिमणीची राख कॉलरीत राह्यते. कापडाच्या छपराचं काय होईन! वरून माकडं. अन् वाघ परवाच प्लान्टच्या भिंतीपाशी दिसला, सिक्युरिटीनं व्हिडिओ फिरवला. उघड्या गाडीत बसून त्याले काय आपण हात दाखवायचा?

नाई घेतली. रश्मी रस्ताभर खिडकीतून वर पाहत होती. मीही थकलो होतो, विचारलं नाई.

१६ नोव्हेंबर

ब्रह्मपुरी. नऊ जण. सोयरिक जमली नाई. येताना गाडीत सारे मलेच सांगत होते का पोरगी चांगली होती. मी काय केलं होतं?

घरी येऊन साऱ्यांचं जेवण. मी जेवता जेवता झोपलो.

२३ नोव्हेंबर

घेतली!

लाल. दोन दार, दोन सीटा, पक्कं छप्पर. नागपूरच्या एका डॉक्टरची. त्याच्या बायकोची कंबर धरते म्हणून उभीच होती. मी सकाळीच घरून पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणे, हे काऊन? म्हटलं, टेस्ट आहे. डिक्कीत उभं ठेवलं, आडवं ठेवलं, तिरपं ठेवलं. नाईच मावलं. असं समाधान मले प्रमोशनच्या दिवशीही झालं नव्हतं.

रश्मी म्हणली, जरा बसू द्या. ड्रायव्हरच्या बाजूनं बसली. खाली हात घालून सीटची दांडी शोधली, पुढं घेतली, मागं घेतली. तिचं लायसन आहे तसं. मले डेंग्यू झाला होता तेव्हा क्लास लावून काढलं. तीनदा मोठी गाडी चालवली अन् तिसऱ्या वेळी फाटकाले घासली, तेव्हापासून चावी माह्याच खिशात. लायसन बँकेत ओळखपत्र म्हणून दाखवते.

मोठी गाडी सोबत आलेल्या आदेशनं वापस आणली, आम्ही दोघं लालमध्ये. स्पीड-ब्रेकर आला का पोट घासते तिचं. मंग समजलं, सरळ नाई घ्यायची, तिरपी घ्यायची, आधी एक चाक मंग दुसरं. वरोऱ्यापासून तसंच आणलं. रश्मी पूर्ण रस्ता माह्या पायांकडे पाहत होती. म्हटलं, काय पाहून राह्यली? म्हणे, अशीच.

२४ नोव्हेंबर

मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील घेतलं गाडीपाशी. शेजारचे गुणवंतराव आले, रिटायर होऊन पोराच्या क्वार्टरवर राहाले आले आत्ताच. त्यांनी आपल्या मनानं चाकाखाली लिंबू ठेवलं. प्रेमानं ठेवलं, काय बोलणार. रश्मी हळूच म्हणली, सरबत झालं असतं.

मंग त्याच प्रेमानं गुणवंतरावानं खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् बोनट पुसलं. कोरडं! मी धावेपर्यंत गोल गोल ओरखडे. नवीन माणूस, त्याले काय माहीत. इथली राख पुसायची नसते, पाणी मारून वाहवायची असते. रश्मीले सांगून ठेवलं, कोणी फडका घेऊन आला का हात धर त्याचा.

३० नोव्हेंबर

सुट्टी. मोबाइल घरी ठेवला. मूल रोडनं लोहाऱ्याच्या पुढं, जंगल लागते तिथपर्यंत. एकटाच. बाजूची सीट खाली, तिच्यावर काही नाई, पाण्याची बाटलीही नाई.

सागाखाली गाडी थांबवली अन् बसून राह्यलो. कोणी काही विचारलं नाई. कोणाले कुठी सोडायचं नव्हतं. पानं पडत होती, तेवढाच आवाज. किती दिवसांनी आपण आपल्यासोबत बसलो, असं वाटलं.

घरी आलो तर रश्मीनं विचारलं, कसं वाटलं? म्हटलं, सांगता येत नाई. ती म्हणली, "हाव. नसनच येत."

७ डिसेंबर

फसलो.

मले वाटलं, लाल गाडी घेतली का लोकं समजतील. लोकं समजले, पण उलटं. नीलाबाई म्हणते, "आता तर तुह्याकडे दोन गाड्या!" म्हणजे मोठी सदाच खाली, सदाच तयार. या हप्त्यात तीनदा काढली. पोतं मावत नाई म्हणून पोतं मोठीत, म्हातारी वाकत नाई म्हणून म्हातारी मोठीत. मोठी विकायची म्हटली तर घरात मय्यत झाल्यासारखे फोन येतील.

अन् लाल तशीच उभी. मले टाइम कुठी.

१४ डिसेंबर

आठ दिवस लालले हात लावला नाई. खिडकीतून पाह्यलं तर चकचकीत. बाजूच्या मोठीवर बोटानं नाव लिहिता येईन एवढी राख, अन् लालवर कण नाई.

रश्मी पाणी मारत असन रोज. बिचारी. माहं सुख कशात आहे हे तिले समजते, बोलत नाई एवढंच. बरं वाटलं.

१९ डिसेंबर

जरा टाइम भेटला म्हणून लालमध्ये बसाले गेलो तर गुडघे स्टिअरिंगले लागले. सीट पुढं सरकवलेली. आतून धुताना सरकवली असन रश्मीनं. दाराच्या खणात संत्र्याची सालं. आता गाडी धुताना कोणी संत्रं खाते काय?

खात असन. सीट मागं घेतली. तेवढ्यात फोन आला, कोणाले तरी सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं होतं. सीटवरून उतरलो अन् मोठीत जाऊन बसलो.

२२ डिसेंबर

पहिली शिफ्ट करून आलो. गुणवंतराव फाटकाशीच उभे. म्हणे, "राजदीपभाऊ, मस्त पळते तुमची गाडी. आत्ता घंट्याभराआधी आमची बस लोहाऱ्यापासून येत होती, तुमची लाल तिथी सागाखाली उभी दिसली."

म्हटलं, मी तर पहाटेपासून ड्युटीवर.

"असं काय? मंग दुसरी असन," म्हणे, अन् माहं तोंड पाहून घरात गेले.

चंद्रपुरात दुसरी लाल गाडी आहे कुठी तसली! डोक्यात सणक गेली. साऱ्यांना सारं दिलं मी. झोप दिली, सुट्ट्या दिल्या, मोठी गाडी तर दिलीच दिली. ही एक ठेवली होती माह्यापुरती, तिच्यातही कोणीतरी जाऊन बसलं! लालची चावी दाराच्या मागं खुंटीले राह्यते, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्यांना माहीत. नीलाबाईचा जावई येऊन गेला होता, तोच असन. अन् रश्मीनं देऊन टाकली असन, तिच्यानंही नाई म्हणवत नाई.

बोनटले हात लावला. गरम होतं अजून. आताच विचारतो.

२३ डिसेंबर

काल विचारलं. "कोणाले दिली गाडी?"

रश्मी पोळ्या लाटत होती. म्हणली, "कोणाले नाई. मीच नेतो."

"कोणाले घेऊन?"

"कोणालेच नाई. लोहाऱ्यापर्यंत जातो, संत्रं खातो, वापस येतो. ब्रेकर तिरपे घेतो, घासली नाई एकदाही." मंग लाटणं ठेवलं तिनं. "तुमच्या गाडीत सात बसते जी. उतरून ते सातही जण येते कुठी?"

तिनं लाटणं परत उचललं.

आज सकाळी नीलाबाईचा फोन. रविवारी आठ जण येतात, नागपूरले दवाखान्यात जायचं, रात्री मुक्काम इथीच.

म्हटलं, "बाई, यावेळी मावत नाई."

"अरे, दोन दोन गाड्या असून?"

"गाडीत नाई बाई. घरात."

तिनं फोन ठेवला. मी लालमधली सीट पाहून आलो. पुढंच होती, तशीच राहू दिली.