हिरवी नानकटाई

चाचा,

आज माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. माझा नवा ओव्हन काम संपलं की पाच वेळा किंचाळतो, आणि दार उघडलं नाही तर पुन्हा पाच वेळा. पन्नाशी गाठलेल्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात यंत्राचा ओरडा खावा लागतो, आणि याची कुठेच दाद नाही. तुम्ही तुमच्या बेकरीत माझ्यावर एकदाच ओरडलात, तेही चारचौघांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

दिवाळीचा आठवडा होता. गल्लीतल्या बायका घरून मैदा-तूप-साखर आणून रांग लावायच्या आणि तुम्ही एकेकीची नानकटाई भट्टीत सारायचा. त्या गर्दीत मी माझी पालकाची पाई घुसवली. कॉलेजात होते, मासिकात ग्रीक कृती वाचली होती, गल्लीला ग्रीस दाखवायचं होतं. तुम्ही ताट उचलून बघता, "ये क्या घास भर को लाई गे?" म्हणता आणि तरी आत सारता. थोड्या वेळात पालकाला पाणी सुटतं, पाई फुटते आणि ते हिरवं पाणी ताटाबाहेर उतू जातं, नेमकं आमच्या शेजारच्या काकूंच्या नानकटाईवर. काकूंनी बेकरी डोक्यावर घेतली. तुम्ही म्हणालात, "मेरेच हाथ से गिरा, भाभी," आणि तुमच्या पिठाची नवी करून दिलीत. मी मागे गप्प उभी. त्या गेल्यावर मला कोपऱ्यात घेतलंत. "पालक पानी का घर है. नमक लगा को निचोडना कोई सिखाया नै? मेरी भट्टी में भाजी नक्को, बस्स."

पिळायचं बरोबर होतं. 'भाजी नक्को' हे साफ चूक होतं, चाचा, आणि तुम्ही गेलात म्हणून मी हे मागे घेणार नाही. ग्रीक लोक कागदासारख्या पापुद्र्यांत पालक आणि खारट चीज भरतात, तुर्कस्तानात त्याचीच गुंडाळी करतात, लेबनॉनमध्ये त्रिकोणी पुड्यांत आंबट घालून, आणि इटलीत तर भाजीत खळगे करून अख्खी अंडी फोडतात. यांतल्या एकानेही तुमची परवानगी मागितली नव्हती. मग मीच का मागू? मी पालकात आंबट चुका घालते, चीजच्या जागी चक्का, वर लसूण आणि शेंगदाण्याचा कूट. आता मी स्वयंपाकाचे क्लास घेते. पोरी विचारतात, "मॅडम, ही नेमकी कुठली पाई?" सोलापूरची, म्हणते. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल ग्रीसला जावं.

एवढंच की काकू त्या दिवसानंतर तुमच्या दारात आल्या नाहीत. दर दिवाळीला लांबच्या बेकरीत जायच्या आणि भेटेल तिला सांगायच्या, "त्यो चाचा लई गलथान हाय." माझ्यासमोरसुद्धा. मी मान डोलवायची.

आज दुपारी गरम पाई घेऊन त्यांच्याकडे गेले. ऐंशी ओलांडली आहे त्यांनी. पहिला घास गेल्यावर म्हटलं, "काकू, ते हिरवं पाणी चाचांनी सांडलं नव्हतं. माझ्या पाईचं होतं."

त्या चावत राहिल्या. "आन् इतकी वर्सं गप बसलीस व्हय गं?"

"हो."

त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली. "अगं ए, औंदा नानकटाई चाचाच्या पोराच्या भट्टीत टाकू की."

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुम्ही होता तेव्हा तुमची बेकरी आमच्या घरापासून वीस पावलांवर होती. तेव्हाही मी हे सांगायला आले नव्हते.