जरा उतरलेला सूर

सोमवार, ४ ऑगस्ट

नवरा गेल्यानंतर आज पहिल्यांदा कामावर गेले. लॅबमध्ये सगळे हळू आवाजात बोलत होते, जणू मीच पेशंट. रक्ताचे नमुने भरपूर होते, ते बरं झालं. घरी आले, चहा केला, एकच कप.

संध्याकाळी त्याच्या कीबोर्डवाल्या ग्रुपमधले दोघं भेटायला आले. एक दातांचे डॉक्टर. दुसरा तो, ज्याला सगळे कानसेन म्हणतात. दोघंही पाच मिनिटं खाली बघत बसले. मग नजर कोपऱ्यातल्या कीबोर्डकडे गेली आणि दुःख संपलं!

“वहिनी, जरा वाजवून बघू? अगदी जरा.”

जरा म्हणजे दीड तास, एकेका वाद्याचा आवाज लावून.

“पियानो प्लास्टिकचा आहे हो. लाकूड कुठंय यात?” – कानसेन.

“पण व्हायोलिन ऐक! खरे वाजवणारे उपाशी मरतील.” – डॉक्टर.

“ट्रम्पेट म्हणजे पत्र्याचा डबा. बासरी बरी आहे, पण फुंकणाऱ्याला दमच लागत नाही, हीच चूक.”

हसले. माझ्या घरात, आत्ता, हसले. मी कप उचलून आत गेले. मला भांडता येत नाही. येत असतं तर आज भांडले असते.

बुधवार, ६ ऑगस्ट

चिडूनही त्यांच्याशिवाय इलाज नाही, म्हणून जास्त चिडचिड.

आजारपणात तो महिनोन्‌महिने कानाला हेडफोन लावून एकच आवाज बनवत बसला होता. मी कामावरून आले की एका कानावरचा हेडफोन उचलायचा. “पूर्ण झाला की ऐकवतो.” कसला आवाज, विचारलं तर – “ऐकशील तेव्हा कळेल.” शेवटी शेवटी हात थरथरायचे, तरी बटणं फिरवत होता.

पूर्ण झाला की नाही, माहीत नाही. पण अर्धा तर अर्धा, मला ऐकायचाय. यंत्र चालू कसं करायचं तेवढंच मला येतं. आत शेकडो आवाज, आणि त्यानं स्वतः केलेल्यांना नावंच नाहीत, नुसते आकडे.

डॉक्टरांना फोन केला. “अहो वहिनी, हे काय सांगणं झालं! रविवारी येतो, शोधून देतो. कानसेनलाही आणतो, त्याचे कान म्हणजे कान आहेत.”

रविवार, १० ऑगस्ट

लिहूनच टाकते.

आले. शोधायला बसले. पहिले चार-पाच आवाज ऐकले आणि वाद सुरू. एका आवाजात खरखर होती. डॉक्टर म्हणाले, ही कंपनीची खरखर, यंत्राचा गुणच तो. कानसेन म्हणाला, छे, ही आपल्या दोस्तानं घातलेली, कंपनी असं करणार नाही. “लाव पैज!” “लाव!” मी स्वयंपाकघरात पोहे – नाही, काहीच करत नव्हते, नुसती उभी होते. यांना शोधायला बोलावलं होतं मी!

मग शांतता. एकदम.

बाहेर आले तर कानसेन पडद्याकडे बघत उभा. पैजेचा निकाल लावायला त्यानं यंत्र कारखान्यातून आलं तसं करून टाकलं. मूळ आवाज ऐकू यावा म्हणून! माझ्या नवऱ्यानं केलेले सगळे आवाज पुसले गेले. सगळे.

“वहिनी, त्याची दुसरी कॉपी असेलच ना पेनड्राइव्हवर. तोच तर आम्हाला कायम ओरडायचा, कॉपी ठेवा, कॉपी ठेवा...” – कानसेन.

पेनड्राइव्ह सापडला. त्यात आमचे सहलीचे फोटो.

“सॉरी वहिनी.”

आमच्या लॅबमध्ये कुणाच्या रक्ताची एक बाटली फुटली तरी लेखी जाब द्यावा लागतो. इथं – सॉरी वहिनी! मी म्हणाले, “चालते व्हा.” आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हणाले. डॉक्टर चप्पल घालताना तोल जाऊन पडता पडता वाचले. पडले असते तरी मी हात दिला नसता.

आणि खरखर कंपनीचीच होती म्हणे. जाताना जिन्यात बोलत होते. मी ऐकलं!!

सोमवार, ११ ऑगस्ट

काही नाही. राग.

बुधवार, १३ ऑगस्ट

कीबोर्डवर चादर टाकली. धाकट्या बहिणीचा फोन – “ताई, देऊन टाक तो, नजरेसमोर नको.” तिलाही तोडून बोलले.

रविवार, १७ ऑगस्ट

दुपारी भांडी पुसून फडताळात लावत होते. दार उघडंच होतं, वारा यावा म्हणून. वळून बघते तर उंबऱ्यात कानसेन. एकटा. किती वेळ उभा होता देव जाणे. बेल नाही, हाक नाही.

“आत कोण गात होतं?”

“कुणी नाही. मी एकटीच असते, माहितीये ना तुम्हाला?”

“तोंड मिटून. आत्ता. भांडी लावताना.”

मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

तो आत आलाच नाही. दारातच घडाघडा बोलत सुटला. माझ्या नवऱ्यानं तो आवाज ग्रुपच्या व्हिडिओ कॉलवर एकदा वाजवून दाखवला होता म्हणे, उन्हाळ्यात. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय, असा. रेकॉर्ड केलेला नव्हे, कानानं ऐकून एकेक बटण फिरवत बांधलेला. सगळ्यांनी तुटून पडून मतं दिली. सूर जरा उतरतोय. मध्येच श्वास तुटतोय. दुरुस्त कर. सगळ्यात पुढे कानसेन. “मी लिहिलं होतं वहिनी, हा आवाज खोटा आहे, असं जगात कुणी गात नाही.”

“मग? तो काय म्हणाला?”

“म्हणाला, आहे एक जण. आणि सूर दुरुस्त करायचा नाही, तो तसाच लागतो. आम्ही म्हटलं, मग तिलाच गायला बसव की, रेकॉर्ड कर! तर म्हणाला, तिला माहीतच नाही. सांगितलं तर ती बंद करेल.”

त्याचे डोळे भरले होते. मला दया आली नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, “झालं सांगून? आता निघा.”

सोमवार, १८ ऑगस्ट

लॅबमधल्या रिसेप्शनवालीला विचारलं, मी गुणगुणते का गं?

“अय्या ताई, हे काय विचारणं! तुम्ही आलात हे आम्हाला त्यावरूनच कळतं. मधे तुम्ही नव्हतात तर सुनंसुनं वाटायचं.”

सगळ्या जगाला माहीत होतं. मी सोडून!

मंगळवार, १९ ऑगस्ट

होत नाही. मुद्दाम करून बघितलं, इस्त्री करताना. खोटं लागतं. शाळेतल्या प्रार्थनेसारखं. आता सतत स्वतःकडे कान लावून बसलेय आणि घर गप्प.

त्यानं जपलं होतं. एका शब्दानं बोलला नाही इतकी वर्षं, म्हणून ते राहिलं. आणि हा शहाणा माफी मागायला आला आणि सांगून बसला! यंत्रातला पुसला तो पुसला, आता हा माझ्या गळ्यातलाही पुसला. एकाच माणसानं, दोनदा. त्याला वाटतं त्यानं मला काहीतरी आणून दिलं!

आज कामावर नमुन्यावरचं लेबल चुकीचं लावलं. वेळेत लक्षात आलं. त्याचाही राग कानसेनवरच काढला, मनात.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

कामावरून आले. चादरी बदलल्या. उशीला अभ्रा चढवताना, अर्धा चढला होता, तेव्हा ऐकू आलं. सूर खरंच उतरलेला आहे. उतरू दे! थांबले नाही. दुसरी उशी घेतली, तिलाही अभ्रा चढवला.