मागचं कव्हर

पप्पा, आज रविवार. सकाळी सव्वादहा वाजता मी रेक्टिफायरच्या पट्टीवर शेवटचा डायोड सोल्डर करत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "भंगारवाला खाली आलाय. पप्पांचा टीव्ही देऊन टाक एकदाचा. दिवा स्टेशनजवळच्या या खोलीत माणसाला पाय पसरायला जागा नाही." कोपरीचं तुमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान गेल्यापासून तो टीव्ही आमच्याबरोबर घरं बदलतोय. त्याचं मागचं कव्हर मी कधीच उघडलं नव्हतं.

तुम्ही मला नववीतून काढलंत. "शाळेत काय ठेवलंय? दुकान तुझंच आहे." मग दोन वर्षं मी काचा पुसल्या, चहा आणला, रिमोट तपासले. टीव्हीच्या आतल्या हाय व्होल्टेजच्या जवळ येऊ दिलं नाहीत. एकदा शेजारचे इस्त्रीवाले काका म्हणाले, "अरे, पोराला शिकव की आता." तुम्ही टीव्हीत घातलेली मान वर न काढता सांगितलंत, "त्याचे हात बघितलेस? पानाच्या टपरीवर बसवला तर चुना सांडेल." सगळे हसले. मीही हसलो. तुमचा डावा हात नेहमीसारखा खिशात. काकांनी विचारलं, "खिशात काय खजिना आहे काय रे?" तेव्हा त्यांना मात्र नीट समजावलंत: दोन्ही हात आत घातले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. मला शिकवायचं ते तुम्ही इस्त्रीवाल्याला शिकवलंत. मी फडकं हातात धरून ऐकलं.

पुढे तुम्ही काविळीने गेलात. घरोघरी भिंतीवरचे सपाट टीव्ही आले, आणि ज्या धंद्यासाठी माझी शाळा सुटली तो धंदाही गेला. आता मी डोंबिवलीत एका कारखान्यात पॅकिंग करतो आणि सुट्टीत प्रयोग करणाऱ्या हौशी लोकांना हाय व्होल्टेजचे रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या पट्ट्या, बनवून देतो. विजेचा एवढा दाब एका डायोडला झेपत नाही. बरेच डायोड एका ओळीत लावायचे आणि प्रत्येकाला सारखा रेझिस्टर जोडायचा, म्हणजे सगळा भार एकट्यावर पडत नाही. हात थरथरतात म्हणून मी प्रत्येक डायोड मीटरने दोनदा तपासतो. माझा एकही रेक्टिफायर जळून परत आलेला नाही. हे कुणाला सांगू?

पिक्चर ट्यूब बंद असली तरी चार्ज धरून ठेवते, आणि भंगारवाला थेट हातोडाच घालणार. म्हणून आज कव्हर उघडलं. चार्ज उतरवायला वायरचं एक टोक फ्रेमला लावलं, दुसरं स्क्रूड्रायव्हरला, आणि स्क्रूड्रायव्हरचं पातं ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवलं. डोळे मिटून ठिणगीची वाट बघितली.

"अरे, काय पूजा मांडलीयस?" आई ओरडली. "तो चालला बघ!"

ठिणगी पडलीच नाही. आत धूळ होती आणि पालीची दोन वाळकी अंडी. चार्ज कधीच उतरून गेला होता. एवढी वर्षं मी याला घाबरत होतो.

टीव्ही गेला. ही चिठ्ठी डायोडच्या डब्यात ठेवतोय, तुमच्यापर्यंत कोण नेणार? एक मात्र खरं सांगतो. स्क्रूड्रायव्हर आत घातला तो उजव्या हाताने. डावा खिशात होता. तो कधी घातला, मला आठवत नाही.