नाही म्हणणारा स्वामी

अप्पा, उद्या सकाळी माझी डावी किडनी काढून आपल्या धाकटीला बसवणार आहेत. तुम्हाला कळवायलाच हवं असं काही नव्हतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि होतात तेव्हा तरी अशा कामात तुमचा काय उपयोग झाला होता? पण आज दुपारीच मला दाखल करून घेतलंय, नवरा खाली चहा प्यायला गेलाय, आणि रिकामं बसलं की डोक्यात नको ती माणसं येतात. तुम्ही आलात. आलाच आहात तर बसा आणि ऐका. पूर्वी तुम्ही बोलायचात आणि आम्ही मूग गिळून बसायचो, आज तेवढं उलटं होऊ दे.

धाकटी पलीकडच्या खोलीत आहे. ती सहावीत असताना बसवलेली किडनी आता दमली. तिनं पंधराएक वर्षं साथ दिली, हे चांगलंच झालं, असं डॉक्टर म्हणतात. ती कुणाची होती हे आपल्याला कधीच कळलं नाही. तुमची नव्हती, एवढं नक्की.

तुम्हाला ते दिवस कसे आठवत असतील कोण जाणे. मला आठवतं ते तिचं सुजलेलं तोंड. हळ्ळीखेडच्या आपल्या दुकानात तूरडाळीच्या पोत्यांवर बसून ती अभ्यास करायची, आणि येणारं गिऱ्हाईक म्हणायचं, पोरगी बाळसं धरायलीय की. तुम्ही खूश व्हायचात. मग एके दिवशी ती शाळेत पडली. बिदरच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं आणि तिथं कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. त्यानंतर आठवड्याला दोनदा बिदरला डायलिसिस. एक मात्र मी नाकारणार नाही, तुम्ही प्रत्येक वेळी जायचात. ती यंत्राला लावलेली असायची आणि तुम्ही स्टुलावर बसून तिचे पाय दाबायचात, तिला बाजारातल्या माणसांच्या नकला करून दाखवायचात. ती हसली की नर्सही हसायची. तेवढं तुम्हाला जमायचं. पाय दाबायला अंगातलं काही काढून द्यावं लागत नाही.

मग तपासण्या झाल्या. अव्वाची साखर पहिल्याच दिवशी आडवी आली. ती बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून रडली, आपण आई असून कामाला आलो नाही म्हणून. मी देते म्हणाले तर माझं वय भरत नव्हतं, शिवाय तुम्ही माझ्यावरच डाफरलात, की पोरीच्या जातीनं असलं बोलू नये, उद्या करून कोण घेईल. राहिलात तुम्ही. आणि तुमचं जुळलं. तो डॉक्टर किती आनंदानं सांगत होता. त्याला वाटलं, बाप उठून मिठीच मारेल. तुम्ही हात जोडलेत आणि विचारलंत, नंतर पोती उचलता येतील का? अप्पा, तुम्ही जन्मात कधी पोतं उचललं होतं? हमाल उचलायचे, तुम्ही गादीवर बसून कुठं ठेवायचं ते बोटानं दाखवायचात.

घरी आल्यावर तुम्हाला धर्म आठवला. आपल्यात माणसाला बसवून माती देतात, हातात इष्टलिंग असतं, तिथं अर्धवट देह घेऊन कसं बसायचं, असं तुम्ही म्हणायला लागलात. शेजारीपाजारी मान डोलवायचे. एवढी शंका आहे तर स्वामींना विचारा, असं अव्वा म्हणाली. ही तुमच्या सोयीची गोष्ट झाली. माझ्या हातात नारळ-केळ्यांचं ताट देऊन तुम्ही मला सोबत घेतलंत. बसवकल्याणच्या बाजूचे स्वामी तरुण होते. त्यांनी तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माती मोजून घेत न्हाई, अप्पा. पोरीला देऊन टाका." तुम्ही पाया पडलात आणि बाहेर येऊन मला म्हणालात, अजून कच्चे आहेत. दुसरे म्हातारे होते. ते म्हणाले, माझं वय असतं तर मीच दिली असती. तेव्हा तुम्ही म्हणालात, यांना आता भान राहिलेलं नाही. ताट पुन्हा भरलंत आणि आपण कलबुर्गीच्या बाजूला निघालो. तोवर मला कळून चुकलं होतं की तुम्हाला स्वामी नको होता, नाही म्हणणारा स्वामी हवा होता, आणि असा स्वामी कुठल्याच मठात निघेना. तिकडं धाकटीला दम लागत होता, आणि आपण मठ पालथे घालत होतो. तिसरे स्वामी गडबडीत होते. ते एवढंच म्हणाले, आपल्या मनाला विचारा. तुमचा चेहरा असा खुलला की मला तिथंच शिसारी आली. घरी येऊन तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, स्वामींची आज्ञा नाही. वर माझ्याकडं बोट केलंत. पोरगी सोबत होती, विचारा तिला.

मला कुणी विचारलं नाही. अव्वानंही नाही. ती तुम्हाला आरपार ओळखून होती. दुसऱ्या दिवशी तिनं धाकटीला सांगितलं, अप्पांचं जुळलं न्हाई गं. मी अव्वाला मोरीपाशी गाठलं आणि खोटं कामून बोललीस म्हणून भांडले. ती भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"किडनी दुसऱ्याची मिळंल," ती म्हणाली. "बाप कुठून आणू तिला?"

दुसऱ्याची मिळाली. हैदराबादेत एक मुलगा मोटारसायकलवरून पडला आणि उठलाच नाही. नाव-गाव सांगत नाहीत, पण एका नर्सच्या तोंडून निघून गेलं की त्याच्या बापानं उभ्या उभ्या सही केली. त्याचा पोरगा समोर होता, छाती वरखाली होत होती, आणि डॉक्टर सांगत होते की तो आता नाही. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. त्याचा धर्म कोणता, त्यालाही माती देतात की जाळतात, काही माहीत नाही. तो कुठल्या मठात ताट घेऊन गेला नाही, एवढं माहीत आहे. तुमचा विचार आला की माझ्या मनात तो माणूस तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो, आणि तुम्ही फार लहान दिसता, अप्पा.

आणि धाकटी घरी आल्यावर तुम्ही काय केलंत? दासोह घातलात. अख्ख्या गावाला जेवण, गव्हाची गोड हुग्गी आणि भात. मंडपात तुम्हाला शाल घातली, कुणीतरी भाषण केलं की बाप असावा तर असा, मठामठाच्या पायऱ्या झिजवल्या पोरीसाठी. झिजवल्या होत्याच म्हणा. तुम्ही शालीच्या टोकानं डोळे पुसलेत. मी पंक्तीत हुग्गी वाढत होते. वाटलं, बादली तिथंच ठेवावी आणि त्या भाषणवाल्याच्या हातातला माईक घ्यावा. पण धाकटी तुमच्या शेजारी बसली होती, तोंडाला मास्क लावून, तुमचा हात धरून. मी पुढच्या पानावर वाढायला गेले.

पुढं तुम्ही स्वतः गेलात ते झोपेत, काही त्रास न होता. तुम्हाला पालखीत बसवून नेलं. खड्ड्यात बसवलं, हातात लिंग ठेवलं, विभूती टाकली. सगळं तुमच्या मनासारखं. एवढं जपलेलं सगळं तुम्ही शेवटी कुणाला दिलंत, तर हळ्ळीखेडच्या मातीला. सगळे रडत होते. मला त्या खड्ड्यात तुमच्या दोन्ही किडन्याच दिसत होत्या.

आता माझं. जुळलं असं सांगितलं तेव्हा मला भीती वाटली. तुमचीच लेक आहे, वाटणार. घरी दोन पोरं आहेत. नवऱ्यानं नको म्हटलं नाही, पण आठवडाभर जेवताना माझ्याकडं नुसता बघत राहायचा. सासूबाई म्हणाल्या, एकदा आपल्या स्वामींना विचारून घे की. मी इतकी हसले, इतकी हसले की त्यांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यांना काय सांगणार? मैलूरला माझ्या सासरच्या घरात तुमचा फोटो भिंतीवर आहे, त्याला रोज विभूती लावतात त्या सासूबाईच. मी लावत नाही.

खरं म्हणजे हे सगळं मी एव्हाना विसरले असते. माणूस गेल्यावर त्याच्याशी किती दिवस भांडायचं? पण धाकटी विसरू देत नाही. तिच्या फोनवर तुमचाच फोटो, बोलण्यात सारखे अप्पा. अप्पा असते तर नर्सची नक्कल केली असती, अप्पा असते तर पाय दाबले असते. अव्वानं जाता जाता माझ्याकडून शब्द घेतला होता, हिला सांगू नकोस. मी पाळला. चिडून पाळला, पण पाळला. लिहिते आहे ती पानंही नवरा वर येण्याआधी मी फाडून टॉयलेटमध्ये टाकणार आहे. तिच्या हाती लागली तर उद्या ती माझीही किडनी घेणार नाही.

मघाशी तिच्याजवळ बसले होते. तिच्या हाताला सुई होती, म्हणून मी पाय दाबत होते. ती डोळे मिटूनच म्हणाली, "अक्का, अप्पांचं जुळलं असतं तर त्यांनी दिली असती, न्हाई का?"

तोंडात सगळं आलं होतं. तीन मठ, पोती, शाल, सगळं.

"व्हय," मी म्हणाले. "कुणाला विचारलंबी नसतं."

ती हसली, आणि तशीच झोपी गेली. तुमच्यावर सूड उगवावा तसं मी ते वाक्य बोलले होते, तिला न कळणारा आणि तुम्हाला नेमका लागणारा. पण तिचे पाय हातात होते आणि मी तिथंच बसून राहिले. कुणालाही न विचारता उठून डॉक्टरच्या खोलीत जाणारे अप्पा मला दिसले, तुमच्याच धोतरात, तुमच्याच चपला घातलेले. थोडा वेळ ते माझेही होते. मला बरं वाटलं, अप्पा.