डॉक्टरच निघाला

शनिवार, फरीदाबाद

जिंकलो! पण आधी त्या हातमोज्याबद्दल लिहितो, कारण कित्येक दिवस तोच डोक्यात होता. इरा आणि मी दर शनिवारी सुपरहिरोची जी मालिका बघतो, तिच्यात एक डॉक्टर आहे. जखमी नायकाला टाके घालणारा, सगळ्यांचा लाडका. पण डाव्या हातातला हातमोजा कधी काढत नाही. चहा पितानाही नाही. का? मी पैजेवर सांगितलं, शहर पेटवणारा मुखवटेवाला हाच. त्याच आगीत हात भाजला असणार.

"काहीही हं बाबा! तो किती चांगला आहे. मुखवटेवाला कमिशनर आहे, बिल्कुल," इरा म्हणायची.

एवढंच काय ते बोलणं. माझी नागपूरहून इकडे बदली झाली, तिच्या मैत्रिणी सुटल्या, तेव्हापासून एरवी नुसतं हो किंवा नाही.

आज शेवटचा भाग होता. नायकाने तो हातमोजा खेचला आणि खाली भाजलेला पंजा! इरा सोफ्यावर उभीच राहिली.

"बाबा, यार! कसं कळलं तुला?"

मग पहिल्या भागापासून सगळं समजावायला लावलं तिने. तिची आई जेवायला हाका मारून थकली.

आत्ता ती नागपूरच्या मैत्रिणीशी फोनवर बोलतेय. दार उघडंच आहे. "माझ्या बाबाने आधीच ओळखलं होतं!" मग जरा थांबून, "हो गं. आता बरं वाटतंय इथे."

मैत्रिणीने काय विचारलं असेल, तेही मी ओळखलं.